मोटरहोम घेतलं आणि छत बघायचं राहिलं

प्रकरण आमच्याच घरचं आहे. डेट्रॉइटच्या बाजूला राहतो, नवरा आणि मी दोघंही नोकरीवाले, दोन मुलं, आणि दर उन्हाळ्यात सांगलीहून सासू-सासरे येतात ते पाच महिने राहतात. अकरा वर्षं आम्ही तंबूवाले होतो, २०२३ च्या वसंतात पहिलं मोटरहोम, म्हणजे आतच झोपायची, स्वयंपाकाची आणि टॉयलेटची सोय असलेली गाडी, घेतलं, आणि आता तिसरा सीझन संपत आलाय. मंडळाच्या पिकनिकला कोणी ना कोणी विचारतंच की घ्यावं का, आणि उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून काढते, आमच्या चुकांसकट.

आधी तंबूचं सांगते कारण त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आठ माणसांचा तंबू म्हणतात तो. आठ माणसं म्हणजे मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांसारखी चिकटून झोपली तर, खरं तर चार माणसं आणि थोडं सामान. मिशिगनमध्ये कॅम्पिंगला तोटा नाही, खाली लेक मिशिगनच्या कडेचे वाळूचे डोंगर, वर अप्पर पेनिन्सुलामध्ये लेक सुपीरिअर, ज्याचं पाणी जुलैमध्येसुद्धा पायाला कळ आणतं. आम्हाला हे सगळं मनापासून आवडायचं, डासांसकट. मग जुलै २०२२ मध्ये पिक्चर्ड रॉक्सच्या बाजूला गेलो, पाऊस लागला, आणि रात्री अडीचला बाबा, म्हणजे सासरे, उठले. तेव्हा ते ७१ चे होते, गुडघे गेलेले. एअरबेडवरून उठायची त्यांची एक पद्धत होती, आधी कुशीवर वळायचं, मग कूलरवर हात टेकायचा, मग तंबूच्या खांबाला धरायचं, जो खांब कोणी धरावा म्हणून बनवलेलाच नसतो. टॉयलेट दीडशे पावलांवर. ओल्या मुळावरून पाय घसरला. मोडलं काही नाही, तळहात सोलवटला. सकाळी चहा पिताना म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्ही जाऊन या रे, मी आपला घरी थांबतो."

आमचं मोटरहोम या वाक्यातून आलं. हौसेतून नाही आलं, आणि हे मुद्दाम लिहितेय कारण पुढचा पैशाचा हिशोब वाचताना ते लक्षात ठेवावं लागेल.

पर्याय बघितले नाहीत असं नाही. केबिन बुक करायची तर कित्येक महिने आधी लॅपटॉप उघडून बसायचं आणि तरी हातची जाते. ट्रेलर ओढायला आमची मिनीव्हॅन, तिची ओढायची मर्यादा ३,५०० पाउंड, म्हणजे आधी ट्रक घ्या मग ट्रेलर घ्या. कॅम्परव्हॅन, ज्याला क्लास बी म्हणतात, त्यात दोन माणसं सुखाने झोपतात, आम्ही सहा. क्लास ए म्हणजे सरळ बसच, ती चालवायची नवऱ्याची हिंमत नव्हती आणि त्याने चालवावी अशी माझी नव्हती. उरला क्लास सी. व्हॅनचं तोंड, मागे खोकं, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक बंक, म्हणजे झोपायचा माळा.

२०२१ मध्ये कोविडमुळे सगळी अमेरिका रस्त्यावर निघाली होती, त्या एका वर्षात सहा लाखांवर आरव्ही, म्हणजे मोटरहोम आणि ट्रेलर मिळून, कारखान्यांतून बाहेर पडल्या, तो विक्रम आहे. २०२३ पर्यंत हौस फिटलेले लोक विकायला लागले होते. आम्हाला २०१३ चं मॉडेल मिळालं, २५ फूट, फोर्ड ई-४५० चॅसी, व्ही-१० इंजिन, ३१,००० मैल. मालक एक वयस्कर जोडपं, ४१,००० डॉलर सांगितले, ३८,५०० ला तुटलं. वर मिशिगनचा ६ टक्के टॅक्स, २,३१० डॉलर, तो खाजगी व्यवहारालाही लागतो हे बऱ्याच जणांच्या हिशोबात नसतं.

आता बघायला गेलो त्या दिवसाचं. दीड तास होतो आम्ही तिथे. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळी कपाटं उघडून बघितली, तांदळाचा डबा कुठे बसेल ते ठरवलंसुद्धा. मुलं बंकवर चढून उतरून चढून उतरून. बाबा टॉयलेटमध्ये जाऊन बसून आले आणि बाहेर येऊन समाधानाने मान हलवली. नवऱ्याने ऑइल बघितलं, फेरी मारली, ब्रेक दाबून बघितले. मी फ्रिज आणि शेगडी चालू करून बघितली, कागद तपासले. गाडीच्या मागे छतावर जायची शिडी होती, गाडीलाच बसवलेली, आणि आमच्यापैकी एकही माणूस त्या शिडीवर चढला नाही. बंकमध्ये नवा कोरा वॉलपेपर होता. आत व्हॅनिलाचा वास येत होता. "किती छान ठेवलंय ना यांनी" असं म्हटलेलं मला स्वतःला आठवतंय.

सर्टिफाइड इन्स्पेक्टर मिळतात, त्यांची नॅशनल संघटना आहे, आम्हाला ६५० डॉलर भाव सांगितला होता. आम्ही ते वाचवले.

पहिलीच ट्रिप मे महिन्यात टाक्वामेनॉन फॉल्सला. तिथलं पाणी टॅनिनमुळे चहाच्या रंगाचं असतं, बाबा म्हणाले कोणीतरी उकळायला ठेवलंय वाटतं. दुसऱ्या रात्री पाऊस, आणि आम्ही सगळे आत, कोरडे, खिडकीला गाल लावून खुशीत. पहाटे धाकटा बंकवरून खाली आला, "आई, माझी उशी ओली आहे." मी वर चढले, कोपऱ्यात अंगठा दाबला आणि भिंत आत गेली. चहात बुडवलेली खारी कशी जाते तशी. वॉलपेपरच्या मागे प्लायवूड नव्हतंच म्हणायचं, काळा लगदा होता.

काय झालं होतं ते दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवलं. ८० इंचांपेक्षा रुंद गाडीला पुढे वरती पिवळे क्लिअरन्स लाइट लागतात, कायद्याने. आमच्या गाडीच्या कपाळावर असे पाच आहेत. त्यातल्या दोघांच्या कडेचं सील वाळून तडकलं होतं, पाणी स्क्रूच्या भोकातून आत जायचं आणि लाकडाच्या चौकटीतून खाली झिरपायचं. एका पावसात दिसत नाही, पाच-सहा वर्षांत चौकट खाऊन टाकतं. छत स्वतः रबराच्या शीटचं, ते चांगलं होतं. पण छताला जिथे जिथे भोक आहे, म्हणजे व्हेंट, एसी, अँटेना, शिडीचे स्क्रू, तिथे लॅप सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, असतो आणि तो वर्षातून दोनदा बघायचा असतो, तडा दिसला की वरून नवा घालायचा. ट्यूब वीसेक डॉलरच्या आत येते. बिल झालं ४,२०० डॉलर आणि गाडी पाच आठवडे तिथे. इन्शुरन्सने सरळ नाही म्हटलं, कारण हळूहळू झिरपलेलं पाणी हे अपघातात धरत नाहीत, देखभालीत धरतात, पॉलिसीत लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं.

विकणाऱ्यांना माहीत होतं का? वॉलपेपर का लावला असेल यावर आमच्या घरी दोन पक्ष आहेत. नवरा म्हणतो फसवलं. मला वाटतं त्यांनी डाग बघितला, झाकला, आणि पुढचा विचार करायचं टाळलं, जे आपण सगळेच करतो. काहीही असो, चाळीस डॉलरचं मॉइश्चर मीटर, ओल मोजायचं, भिंतीला लावलं असतं तरी त्याच दिवशी कळलं असतं.

त्याच दुरुस्तीवाल्याने जाता जाता टायरजवळ उकिडवं बसून चार आकडे वाचले, ३५१३. म्हणजे २०१३ चा ३५ वा आठवडा. टायर मूळचेच होते, दहा वर्षांचे. वरची नक्षी अगदी नवी, कारण मोटरहोम फिरतं कमी आणि उभं जास्त राहतं, पण रबर म्हातारं होतंच, बाजूच्या भिंतीला बारीक चिरा पडलेल्या होत्या. नवरा म्हणत होता "ट्रेड तर बघा किती आहे", त्यावर तो माणूस नुसता हसला. सहा टायर, मागे जोडी असते ना, १,५०० डॉलर. सहा-सात वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदलायचे. असो.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की नुसती रड आहे, तर तसं नाही. जूनच्या शेवटी गाडी हातात आली आणि त्या उन्हाळ्यात बाबा आमच्याबरोबर चौदा रात्री बाहेर राहिले. मॅकिनॉ पुलावरून गेलो त्या दिवशी वारा होता, उंच गाड्यांना ताशी २० मैलांनी, लुकलुके लावून जायला सांगतात. पाच मैलांचा पूल, आतल्या लेनला लोखंडी जाळी आहे, खाली बघितलं तर पाणी दिसतं. आम्ही बाहेरच्या पक्क्या लेनने चाललो होतो, गाडीला वाऱ्याचे धक्के बसत होते, नवऱ्याच्या मुठी पांढऱ्या, आणि बाबा मागे डायनेटमध्ये, म्हणजे जेवायच्या टेबलाच्या बाकावर, बेल्ट लावून बसलेले, त्यांना आयर्विन पूल आठवला. कृष्णेला पूर आला की ते लहानपणी पूल बघायला जायचे. "तो १९२९ चा, हा कधीचा?" हा १९५७ चा. "मग आपला थोरला," म्हणाले, आणि पूल संपेपर्यंत खूश होते.

तंबूत राहणाऱ्याला मोटरहोममध्ये जे खरं शिकावं लागतं ते म्हणजे मोजणं. तंबूत काही मोजायचं नसतं, नळ बाहेर, टॉयलेट बाहेर, वीज नाहीच. इथे सगळं पोटात घेऊन फिरायचं. गोडं पाणी ४० गॅलन, भांडी-आंघोळीचं सांडपाणी ३५, संडासाची टाकी ३०. आम्हाला वाटलं चार दिवस आरामात जातील, अडीच दिवसांत भरली, कारण आम्ही सहा आणि आमच्या घरी मगभर पाणी लागतं, नुसत्या कागदावर भागत नाही. त्यात एक फायदाही निघाला, पाणी भरपूर असलं की टाकीत गोळा होऊन बसत नाही, कागदवाल्या लोकांच्या टाक्या तुंबतात तशी आमची कधी तुंबली नाही. पातळी दाखवणारे दिवे मात्र कायम दोन तृतीयांश दाखवतात, रिकामी असो की भरलेली, त्यांच्यावर कोणी विसंबू नये. आणि हुकअप, म्हणजे साइटवरच ड्रेनेजची जोडणी, असला तरी संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा नाही, पाणी निघून जातं आणि बाकीचं तिथेच बसतं. भरू द्यायची, मग आधी काळी (संडासाची) सोडायची, मग ग्रे (सांडपाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. इथल्या स्टेट पार्कांत साइटवर बहुतेक ठिकाणी वीज मिळते पण ड्रेनेज नसतं, त्यामुळे रविवारी दुपारी सगळे डंप स्टेशनवर, टाक्या रिकाम्या करायच्या जागी, रांगेत. पहिल्यांदा नवऱ्याने हे काम केलं तेव्हा मागे नऊ गाड्या होत्या, आणि आई खिडकीतून "हातमोजे घातलेस का रे?" हे चार वेळा.

विजेचं पण तसंच. आमचं कनेक्शन ३० अँपचं, १२० व्होल्ट, म्हणजे ३,६०० वॉट, संपलं. एसी साधारण १३ अँप घेतो, पाणी तापवायचा हीटर विजेवर लावला तर १२, आणि आईंना चारला चहा हवा म्हणून इलेक्ट्रिक किटली, ती साडेबारा. बेरीज करा. जुलैच्या उकाड्यात रोज चारला अंधार, पहिले दोन दिवस आम्ही कॅम्पग्राउंडच्या विजेच्या खांबाला दोष देत होतो. आता पाण्याचा हीटर गॅसवर आणि चहा शेगडीवर. सर्ज प्रोटेक्टर ३०० डॉलरचा घेतला तो बरा पडला, एका ठिकाणी खांबाची वायरिंगच उलटी होती, त्याने वीज आतच येऊ दिली नाही.

शेगडीवरून आठवलं. पहिल्या दिवशी आईंनी पिठल्याला फोडणी दिली आणि स्मोक अलार्म वाजला. मिरची पडली तेव्हा तर शेजारचा माणूस धावत आला. त्या डब्यात चिमणी म्हणजे मुठीएवढा पंखा, आपल्या फोडणीपुढे तो काय करणार. म्हणून तंबूच्या काळातली दोन बर्नरची शेगडी परत बाहेर काढली, फोडणी आणि भाकऱ्या बाहेर टेबलावर, वरण-भाताचा कुकर आत. अस्वलांचा भाग असतो म्हणून जेवल्यावर सगळं उचलून आत घ्यायचं, ते तंबूतही करत होतोच.

बॅटरीने एकदा चांगलाच धडा दिला. सप्टेंबरच्या शेवटी स्लीपिंग बेअर ड्यून्सजवळ वीज नसलेल्या कॅम्पग्राउंडवर होतो. आपला समज असा की खोली गरम करायचा हीटर प्रोपेनवर चालतो, सिलेंडर भरलाय, मग काय काळजी. पण गरम हवा ढकलायला पंखा लागतो, तो १२ व्होल्टवर चालतो आणि सात-आठ अँप खातो. दोन लेड अॅसिड बॅटऱ्या, त्यातली निम्मीच वीज वापरायची असते, आणि आमच्या तर जुन्या. पहाटे साडेतीनला पंख्याचा आवाज उतरत उतरत गेला, मग हीटरच बंद. सहा जण एका खोलीत, कानटोप्या घालून. गंमत म्हणजे तंबूत आम्हाला एवढी थंडी कधी वाजली नाही, कारण तेव्हा स्लीपिंग बॅग बरोबर असायच्या, या वेळी "आता घर आहे आपलं" म्हणून गोधड्या आणल्या होत्या. नव्या बॅटऱ्या २६० डॉलर, आणि स्लीपिंग बॅग आता कायमच्या गाडीत.

वजन कोणी करत नाही, आम्ही केलं कारण आईंचा बिडाचा तवा आणि २० पाउंडांची कणकेची पिशवी बघून मला शंका आली. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, प्रत्येक एक्सलचं, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांचं, वेगळं वजन देतो. गाडीची एकूण मर्यादा १४,५०० पाउंड, आमचं भरलं १३,९६०. बरं वाटलं. मग मागच्या एक्सलचा आकडा बघितला, मर्यादा ९,६०० आणि आम्ही ९,४४०. म्हणजे एक पाहुणा वाढला आणि मागे बसला तर संपलं. आता पाणी एक तृतीयांशच भरून निघतो, भरलेली टाकी सव्वातीनशे पाउंडांच्या वर जाते, आणि उरलेलं मुक्कामी पोचल्यावर भरतो.

आणि मिशिगन म्हटलं की हिवाळा. नोव्हेंबरच्या आत सगळ्या नळ्यांतून पाणी काढायचं, वॉटर हीटर रिकामा करून बायपास करायचा, म्हणजे नळीची वाट त्याला वगळून वळवायची, गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ पंपाने प्रत्येक नळातून बाहेर दिसेपर्यंत फिरवायचं. गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ नाही, ते विषारी. आम्ही यादी करून सगळे नळ केले आणि गाडीच्या बाहेरच्या बाजूला, छोट्या झाकणामागे, वाळूचे पाय धुवायचा शॉवर आहे तो विसरलो. एप्रिलमध्ये पंप लावला तर कपाटाच्या आतून कारंजं. पार्ट चाळीस डॉलरचा, पण कपाट वाळवायला चार दिवस हेअर ड्रायर धरून बसले. छताचा अनुभव ताजा होता, त्यामुळे ओल दिसली की माझे हातपाय गार पडतात.

आता हिशोब, पहिल्या दोन सीझनचा, डॉलरमध्ये. छत ४,२००, टायर १,५००, इन्शुरन्स दोन वर्षांचा २,३००, गाडी ठेवायचं भाडं महिना ८५ प्रमाणे २,०४०, कारण आमच्या वसाहतीच्या असोसिएशनला ड्राइव्हवेमध्ये ४८ तासांपेक्षा जास्त उभी चालत नाही. बॅटऱ्या, सर्ज प्रोटेक्टर आणि नळ्या-बिळ्या मिळून १,१६०. पेट्रोल २,२७५, गॅलनला आठ मैल देते बिचारी. कॅम्पसाइट १,५५८. बेरीज १५,०३३. रात्री झाल्या ४१. म्हणजे एका रात्रीला ३६७ डॉलर, आणि यात गाडीची किंमत, टॅक्स आणि उतरलेला भाव धरलेलाच नाही. अशीच गाडी भाड्याने विचारली होती तेव्हा १९० रात्रीला सांगितले होते, मैलांचे वेगळे. नवऱ्याला हा कागद दाखवला तर तो म्हणाला छत आणि टायर सोडून बघ. सोडून बघितलं, २२८ येतात.

पैशाने बघितलं तर घ्यायला नको होतं, यात दुमत नको. कोणी विचारलं तर मी आधी एक आठवडा भाड्याने घ्या म्हणते, आणि आई-वडील बरोबर असतील तर त्यांना घेऊनच जा, कारण पायरी किती उंच आहे आणि टॉयलेटचं दार किती अरुंद आहे हे त्यांनाच कळतं. आमच्या गाडीची पहिली पायरी बाबांना जड जाते, आम्ही खाली एक लाकडी पाट ठेवतो. बघायला गेलो तेव्हा उत्साहात चढून गेले होते, कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि आता घ्यायचं झालं तर मी २२ फुटी घेईन, पाच लोक झोपतील तेवढंच, कारण मोठा मुलगा या वर्षीपासून आत झोपतच नाही, जुना तंबू बाजूला लावतो.

पण त्या ४१ रात्रींपैकी २७ रात्री बाबा होते. रात्री तीनदा उठतात, चार पावलं जातात, परत येऊन झोपतात. कोणाला जाग येत नाही.

२०२६ ला ते ७५ चे होतील. त्यानंतर इतका प्रवास जमेल न जमेल, नाही जमला तर विकू असं ठरलंय. क्लिअरन्स लाइट उघडल्याचे फोटो, सडक्या चौकटीचे फोटो, बिलं, टायरची तारीख, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलंय, आणि बघायला येईल त्याला चहा द्यायच्या आधी मागची शिडी दाखवणार आहे.